मोठ्या वयातली निरक्षरता आणि तिची किंमत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपला डोंगराच्या उतारावरच्या वस्तीत, एका मंडळाच्या खोलीत दुपारी अडीच ते चार आमचा वर्ग भरतो. धुणीभांडी करणाऱ्या, पोळीभाजी केंद्रात लाटायला बसणाऱ्या, टॉवरमध्ये साफसफाई करणाऱ्या बायका सकाळची कामं उरकून येतात आणि संध्याकाळच्या कामांना पळायच्या आधी दीड तास पाटी घेऊन बसतात. मी इथे नऊ वर्षं शिकवते आहे. वर्गाबद्दल कळलं की लोक जे जे विचारतात, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मुंबईसारख्या शहरात आता निरक्षर कोण राहिलंय?

पुष्कळ माणसं. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांची साक्षरता ८९ टक्क्यांच्या पुढे होती, राज्याची ८२ च्या आसपास. आकडा चांगला आहे, नाही कसं म्हणू? पण मुंबईची लोकसंख्या तेव्हा १ कोटी २४ लाख होती. सात वर्षांखालची मुलं वगळून उरलेल्यांतले दहा टक्के जरी धरले तरी दहा लाखांच्या वर माणसं निघतात. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, म्हणून आजही याच आकड्यांवर बोलावं लागतं.

गावाहून लग्न होऊन आलेल्या बायका, लहानपणी धाकटी भावंडं सांभाळायला घरी ठेवलेल्या, आईबापांबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेल्या. ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इथे आलेल्या कुटुंबांतल्या, आता साठीला टेकलेल्या. नाक्यावर उभे राहणारे बिगारी. ही माणसं दिसत नाहीत, कारण ती लपवतात. "चष्मा घरी राहिला गं, जरा वाच ना," असं म्हणणाऱ्या कितीतरी जणींकडे मुळात चष्माच नसतो.

सही करता आली म्हणजे माणूस साक्षर झाला ना?

नाही. जनगणनेची व्याख्या अशी आहे की सात वर्षं किंवा त्याहून मोठ्या माणसाला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता आलं पाहिजे. दोन्ही यायला हवं, आणि समजून. पण गणक दारात उभं राहून विचारतो आणि घरातला एक जण सगळ्यांच्या वतीने उत्तर देतो. सुनेला सही येते म्हणजे ती साक्षर, असं सासरे सांगतात आणि तसं लिहिलं जातं.

आमच्याकडे एक मावशी आल्या. बारा वर्षं बँकेत सही करत होत्या, वळणदार. मी म्हटलं, तुमच्या सहीत "म" कुठे आहे तो दाखवा. त्यांना दाखवता आला नाही. रांगोळी काढावी तशी ती सही त्यांनी हाताला लावून घेतली होती. मागच्या साक्षरता मोहिमांत अशा सह्या शिकवून हजारो लोकांना साक्षर म्हणून मोजलं गेलं. मला ही सगळ्यात मोठी फसवणूक वाटते. अंगठा उठवणाऱ्या माणसाला निदान कागद वाचून दाखवावा लागतो. सही करणाऱ्याला कुणी वाचून दाखवत नाही.

निरक्षर म्हणजे अडाणीच की?

कृपा करून हा शब्द वापरू नका, आणि "अंगठेबहाद्दर" तर मुळीच नको. ससून डॉकला पहाटेच्या लिलावात कोळणी ज्या वेगाने तोंडी हिशेब करतात तो कॅल्क्युलेटर काढेपर्यंत संपलेला असतो. मुंबईच्या डबेवाल्यांचं काम १८९० पासून चाललंय. त्यांच्यातले पुष्कळ जण जेमतेम शाळा शिकलेले, आणि डब्याच्या झाकणावरचे रंग, आकडे, अक्षरं यांच्या खुणांवर हजारो डबे योग्य माणसापर्यंत जातात. निरक्षर माणसाला सगळं डोक्यातच ठेवावं लागतं, कारण त्याला लिहून ठेवायची सोयच नाही. पंचवीस घरांचे पगार, उचल, खाडे तोंडपाठ असलेल्या बाईला मी अडाणी कोणत्या तोंडाने म्हणू?

मग नुकसान नेमकं काय होतं? लोकांचं चाललंय की.

चाललेलं असतं ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी. प्रत्येक कागदासाठी कुणाला तरी धरावं लागतं, आणि तो माणूस सांगेल ते खरं मानावं लागतं.

एका ताईंचं उदाहरण देते. रेशनकार्डासाठी बाहेर बसलेल्या एजंटकडून फॉर्म भरून घेतला. त्याने आडनावात एक काना जास्त घातला. ताईंना तो दिसणं शक्यच नव्हतं. तेच नाव पुढे बँकेच्या पुस्तकात गेलं, आधारवर मात्र बरोबर होतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिना पंधराशे रुपये. शेजारणींचे जमा झाले, यांचे नाहीत. त्या एका कान्यापायी प्रतिज्ञापत्र, नोटरी, पुन्हा एजंट, शिधावाटप कार्यालयाच्या तीन फेऱ्या, बँकेच्या दोन, आणि प्रत्येक फेरीला चार घरचा खाडा. खाड्याचे पैसे दोन घरांनी कापले. वाचता येणाऱ्या माणसाने फॉर्म देतानाच म्हटलं असतं, अहो, इथे काना नाही.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी केली तर मुलांच्या शिक्षणापासून आजारपणापर्यंत मदत मिळते. त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरून रोज वेगळ्या मुकादमाकडे जाणाऱ्या माणसाने तो कुणाकडून, कोणत्या नमुन्यात घ्यायचा, हे सगळं कागदावर लिहिलेलं असतं. ज्याला गरज सर्वांत जास्त तोच बाहेर राहतो.

घराचं तर विचारूच नका. झोपडपट्टी पुनर्वसनात विकासक नेमायला रहिवाशांची संमती लागते. संध्याकाळी चहा-वड्याच्या सभेनंतर कागद फिरतो आणि अंगठे उमटत जातात. पुढे पात्र रहिवाशांची यादी म्हणजे परिशिष्ट दोन लागतं, त्यात आपलं नाव आहे की नाही हे शेजाऱ्याला विचारावं लागतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी मालमत्ता न वाचता अंगठा टेकवून ठरते.

आणि औषधं. बीपीची गोळी पांढरी, साखरेची मोठी पांढरी, अशा ओळखीवर एक आजी सहा वर्षं गोळ्या घेत होत्या. एकदा दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, गोळी गुलाबी निघाली. आजींना वाटलं डॉक्टरांनी नवी वाढवली. जुनी उरलेली आणि नवी, दोन्ही घेत राहिल्या. चक्कर येऊन मोरीत पडल्या तेव्हा सुनेने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून पाहिली. दोन्हींवर एकच नाव होतं.

हे त्या कुटुंबाचं नुकसान झालं. बाकीच्या समाजाला त्याची झळ कशी लागते?

सफाईच्या कपाटातून सुरुवात करू. सोसायटीत, मॉलमध्ये, ऑफिसात संडास धुणाऱ्या बायकांना आम्ल असलेलं क्लीनर आणि ब्लीच दोन्ही दिलेलं असतं. दोन्ही एकत्र ओतलं की क्लोरीन वायू निघतो. बाटलीवर इशारा असतो, बहुधा इंग्रजीत. आमच्या वर्गातल्या एकीला "जास्त स्वच्छ निघेल" म्हणून दोन्ही एका बादलीत ओतल्यावर खोकल्याची उबळ येऊन उलट्या झाल्या. बंद बाथरूम होतं, कुणी तरी दार ढकललं म्हणून निभावलं. आता आमच्या पहिल्या महिन्याच्या शब्दांत "ॲसिड" आणि "ब्लीच" आहेत, आणि ते इंग्रजी अक्षरांतही ओळखायला शिकवतो.

क्षयरोगाचे उपचार किमान सहा महिने चालतात. मध्येच सोडले तर औषधाला न जुमानणारा क्षय होऊ शकतो, आणि मुंबईला तो प्रश्न किती छळतोय हे इथल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा. कोणती गोळी किती दिवस, पुढची तारीख कोणती, हे कार्डावर लिहिलेलं असतं. कार्ड न वाचता आल्याने चुकलेला डोस त्या माणसापुरता राहत नाही, लोकलच्या डब्यात सगळे एकच हवा घेतात.

मला सगळ्यात जास्त लागते ती मात्र मुलींना मोजावी लागणारी किंमत. ज्या घरात आईबाप दोघंही वाचू शकत नाहीत, तिथे थोरली मुलगी घराचे डोळे होते. अकरा-बारा वर्षांची पोर लाइटबिल वाचते, बँकेत स्लिप भरते, दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते आईला समजावते, ओटीपी सांगते. कार्यालयं शाळेच्याच वेळात उघडी असतात, म्हणून तिची शाळा बुडते. धाकट्याचं प्रगतिपुस्तक तीच "वाचून दाखवते", आणि त्यात काय आहे ते तिच्या मर्जीवर असतं. असे खाडे वाढत गेले की एक दिवस तीच शाळा सोडते. निरक्षरता एका पिढीतून दुसरीत अशी उतरते. शिकलेल्या आईची मुलं जगण्याचं, लसीकरणाचं, पोषणाचं प्रमाण चांगलं असतं, हे देशभरातल्या आरोग्य पाहण्यांतून वर्षानुवर्षं दिसत आलंय.

मतदानाचं विचाराल तर आपल्या देशाने निरक्षरांना कधी वगळलं नाही, याचा मला अभिमान आहे. १९५१ मध्ये देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के होती आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराच्या चिन्हाची वेगळी पेटी ठेवून लोकांनी मत दिलं. चिन्ह ओळखून मत देता येतं. पण उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात स्वतःवरचे कोणते गुन्हे, किती मालमत्ता लिहिली आहे, ते वाचायला अक्षरच लागतं.

पैशात सांगायचं तर किती?

वर्ल्ड लिटरसी फाउंडेशनने निरक्षरतेमुळे जगाचं वर्षाला सुमारे १.२ लाख कोटी डॉलरचं नुकसान होतं असा अंदाज दिला होता. असे आकडे भाषणाला बरे पडतात. मी त्यावर फार विसंबत नाही, कारण वरच्या काना प्रकरणातले पाच खाडे आणि शाळा सोडलेली मुलगी त्यात कुणी कशी मोजणार?

आता मोबाइल बोलून दाखवतो. मग वाचायला शिकायची गरज काय?

हा प्रश्न तरुण मुलं हमखास विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. भाजीवालीच्या गाडीवरचा डबा "पन्नास रुपये प्राप्त हुए" म्हणतो तेव्हा तिला कुणी फसवू शकत नाही. व्हॉट्सॲपवर आवाजाचे निरोप आले आणि गावाकडच्या आईशी रोज बोलणं होऊ लागलं. ही सोय मोठी आहे.

पण फोनने नवे कागदही आणलेत. ई-केवायसी, ओटीपी, "ओके दाबा", "सहमत आहे". मेसेज वाचता येत नसेल तर पैसे येण्याचा मेसेज आणि पैसे जाण्याचा मेसेज दोन्ही सारखेच दिसतात. "लाइट कापणार" म्हणून फोन करणाऱ्याने आमच्या एका मावशींकडून शेजारच्या मुलाला वाचायला लावून ओटीपी घेतला, आणि भिशीचे अकरा हजार गेले. सायबर फसवणुकीची तक्रार लगेच १९३० वर करायची असते. त्यांना ते चार दिवसांनी कळलं.

दुसरं असं की अंगठासुद्धा आता दगा देतो. आयुष्यभर भांडी घासून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीनवर ठसा जुळत नाही. रेशनच्या दुकानात बाई पुन्हा पुन्हा पदराला बोट पुसून काचेवर ठेवते, मागची रांग कुरकुरते. हे मी स्वतः उभं राहून पाहिलंय.

नवी पिढी शाळेत जातेच आहे. वीस-तीस वर्षांत प्रश्न आपोआप संपेल, नाही का?

म्हणजे ही माणसं मरेपर्यंत थांबायचं? आमच्या वर्गातली सगळ्यात तरुण बाई एकतीस वर्षांची आहे. तिच्यापुढे अजून चाळीस वर्षं आहेत.

शिवाय शाळेत जाणं आणि वाचता येणं यांत अंतर आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या "असर"च्या २०२४ च्या अहवालात तिसरीतली जेमतेम २७ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. यातली काही पुढे सावरतील. जी सावरणार नाहीत, ती पंधरा वर्षांनी माझ्या वर्गात येतील, आठवी पासचा दाखला घेऊन. तशी दोन माणसं आत्ताच आहेत.

सरकारने इतक्या मोहिमा काढल्या, त्यांचं काय झालं?

बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान (म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री) असताना १९३९ मध्ये मुंबईत साक्षरतेचं मोठं काम उभं राहिलं. कुलसुम सयानी घरोघर फिरून बायकांना शिकवत आणि १९४० पासून "रहबर" नावाचं पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत, नव्याने वाचायला शिकलेल्यांसाठी सोप्या हिंदुस्तानीत. साताऱ्यात १९५९ मध्ये ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. मग १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं साक्षरता मिशन, २००९ चं साक्षर भारत, आणि आता २०२२ ते २०२७ चा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच उल्लास.

केरळात एर्नाकुलम जिल्हा १९९० मध्ये पूर्ण साक्षर झाला तेव्हा हजारो स्वयंसेवक रस्त्यावर उतरले होते. आपल्याकडेही उत्साह कमी नव्हता. कमी पडलं ते नंतरचं. सहा महिन्यांत अक्षरं आली, वर्ग बंद झाला, हातात वाचायला काही नाही, दोन वर्षांत सगळं पुसलं गेलं. कुलसुमबाईंना जे १९४० मध्ये कळलं होतं, की शिकवल्यावर वाचायलाही काही द्यावं लागतं, ते आपण दर मोहिमेत नव्याने विसरतो. म्हणून आमच्याकडे शिकून गेलेल्यांसाठी शनिवारी वाचनाचा तास आहे. किशोर मासिकाचे जुने अंक, देवळाचं पंचांग, गॅसची पावती, काहीही चालतं.

या वयात खरंच येतं का?

येतं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या जाऊ लागल्या. त्यांच्यापुढे आमच्या बायका म्हणजे पोरीच.

पण मोठ्या माणसाला लहान मुलासारखं शिकवून चालत नाही. पहिल्या आठवड्यात आम्ही अक्षरं काढत नाही, डोळे तपासून घेतो. चाळिशी ओलांडलेल्या बाईला जवळचं धूसर दिसतं, आणि जिने कधी वाचलंच नाही तिला ते कळणार कसं? एक ताई आधी दुसऱ्या वर्गातून "माझ्या डोक्यात नाय शिरत" म्हणून सोडून आल्या होत्या. डोक्याला काही झालं नव्हतं, अडीचचा नंबर होता. चाळिशी लावली आणि त्या दिवशी म्हणाल्या, "आता गं बाई, हे एवढं ठळक असतं?"

मग पाटी. वही पहिले पंधरा दिवस नाहीच, कारण वहीतली चूक राहते आणि पाटीवरची ओल्या बोटाने जाते. सगळ्यांच्या पेन्सिली पटापट मोडतात, कारण हात घासणीएवढा जोर लावायला शिकलेला असतो. हळू धरा, हळू धरा, हेच पहिले चार दिवस. साबणाने फाटलेल्या बोटांत पेन्सिल टोचते, म्हणून आम्ही तिला चिंधी गुंडाळतो.

ग म भ न पासून आम्हीही सुरू करतो, पण त्याच दिवशी स्वतःचं नाव, मग मुलांची नावं, मग भाडं, पाणी, गॅस. म आणि भ, घ आणि ध यांत सगळ्या अडकतात. जोडाक्षरांना दोन महिने जातात. आठवड्याला पाच दिवस, दीड तास असं धरलं तर पाच ते सहा महिन्यांत बहुतेक जणी पाटी-फलक वाचू लागतात. सरळ वर्तमानपत्र वाचायला वर्ष लागतं. मध्ये गणपती, गावची जत्रा, सुनेचं बाळंतपण येतं, तेवढं धरून चाला.

एक ताई अठरा वर्षं दादरहून कामावरून येताना स्टेशनं मोजून उतरायच्या. कुर्ल्यानंतर पाचवं म्हणजे भांडुप. डुलकी लागली की मुलुंड. वर्गाच्या पाचव्या महिन्यात एकदा गाडी थांबली असताना त्यांनी खिडकीतून पाटी अक्षर अक्षर लावून वाचली, कां... जू... र. गाडी सुटली तरी त्या मान वळवून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन आधी फळ्यावर "कांजूर" लिहिलं, मग चपला काढल्या.

मुंबईत इतक्या भाषा. शिकवायचं कोणत्या?

शिकणाऱ्याच्या भाषेत. महापालिकेच्या शाळाच आठ माध्यमांत चालतात, तर प्रौढांना एकाच भाषेचा आग्रह कशाला? आमच्याकडे मराठी आणि हिंदी एकत्र बसतात, लिपी एकच असल्याने अडत नाही. भोजपुरी बोलणाऱ्या एक चाची मराठी पाट्या आधी वाचायला शिकल्या, कारण गल्लीत त्याच आहेत. उर्दूसाठी शिकवणारं माणूसही उर्दूचंच हवं, ते आमच्याकडे नाही.

आकडे मात्र दोन्ही शिकवा. फोनमुळे 1, 2, 3 अनेकींना ओळखता येतात, पण बेस्टच्या बसच्या कपाळावर १, २, ३ असतात. बस समोरून येते, तेव्हा कपाळच दिसतं.

वर्गात पुरुष का दिसत नाहीत?

लाजेमुळे. बायको पाटी घेऊन बसलेली चालते, आपण बसलेलं नाक्यावर कळलं तर काय, ही भीती असते. आमच्या चार पुरुषांना दोन मुलगे रात्री साडेनऊनंतर एकेकट्याला शिकवतात, दार लोटून. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. वेळ त्यांना तेव्हा कळली होती. एका चालकाला २०१९ मध्ये व्यावसायिक परवान्याची आठवी पासची अट रद्द झाल्यावर परवाना मिळाला, पण रस्त्यावरची पाटी वाचता येईना, म्हणून तो आपण होऊन आला.

अंगठा लावलेला कागद कायद्याने चालतो का? फसवणूक झाली तर?

चालतो. लिहिता न येणाऱ्या माणसाची निशाणी ही सहीच धरली जाते, हे १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्यातच आहे. म्हणून "मला वाचता येत नव्हतं" एवढं म्हणून सुटका होत नाही. कागद वाचून, समजावून सांगितला होता का, साक्षीदार कोण होते, हे कोर्ट बघतं. तेव्हा कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर कधीही अंगठा नको, आणि कागद ज्याचा फायदा होणार त्याच्याकडून वाचून घेऊ नका, तिसऱ्याकडून घ्या. महिलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन १५१००.

परीक्षा असते का? पुढे शिकता येतं का?

उल्लासमध्ये पंधरा वर्षांवरील कुणीही जवळच्या शाळेत नाव नोंदवू शकतं. चाचणी १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येकात ३३ टक्के लागतात. पास झालं की प्रमाणपत्र मिळतं. आमच्या बायका त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून जातात. पुढे राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी, आठवी करता येते. दोघींनी पाचवी केली. एक आता मुलीबरोबर आठवीचा अभ्यास करते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी शिकवू का?

जरूर, पण आधी विचारा, आणि घरात कुणी नसताना विचारा. "नको" म्हणाल्या तर महिनाभराने पुन्हा एकदा. शिकायची वीस मिनिटं कामाच्या वेळातलीच द्या, वर थांबवून नको, कारण पुढच्या घरी उशीर झाला की बोलणी त्यांना खावी लागतात. ओट्याशी उभं राहून नाही, टेबलाशी खुर्चीवर बसून शिकवा. त्यांच्या हिशेबाच्या वहीपासून सुरुवात करा. खाडे आणि पगार त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचे, आणि महिनाअखेर तुमची वही आणि त्यांची वही जुळली नाही तर त्यांची खरी धरा.

वर्गाला यायचं तर सोबत काय आणायचं?

काही नाही. पाटी, पेन्सिल, पाणी इथे आहे. लहान मूल असेल तर घेऊन या, मागच्या कोपऱ्यात गोधडी घातलेली असते. चाळिशी असेल तर ती मात्र विसरू नका.